जुनी मारुती ८०० हाती आली की कामं कोणत्या क्रमाने काढावीत

वडिलांनी वापरलेली, मामांकडून आलेली किंवा ओळखीतून स्वस्तात मिळालेली मारुती ८०० आजही कित्येकांची पहिली गाडी असते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली ८०० ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात अलीकडची ८०० सुद्धा दहा वर्षांपलीकडची आहे. तरीही गाडी सांभाळायला शिकण्यासाठी हिच्याइतकी सोपी गाडी शोधून सापडणार नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन, बोनेट उघडलं की बहुतेक भाग डोळ्यांसमोर, आणि तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीचाही हात तिच्यावर बसलेला.

नवा मालक मात्र बहुतेक वेळा पहिले पैसे सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि पॉलिशवर घालतो. मला हे पाहून खरंच वाईट वाटतं, कारण तेवढ्यात मागच्या-पुढच्या ब्रेकचं सगळं काम निघालं असतं. जुन्या गाडीवर किती खर्च केला यापेक्षा तो कोणत्या क्रमाने केला हे जास्त महत्त्वाचं. आधी ब्रेक, टायर आणि स्टीअरिंग. त्यानंतर ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्ट. मग वायरिंग आणि पत्रा. रंग, गाणी, गादी हे सगळं त्यानंतर. पुढे लिहिलं आहे ते याच क्रमाने.

सुरुवात वहीपासून

शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर गाडीचं वर्ष, चासी नंबर, इंजिन नंबर आणि आजचं किलोमीटर लिहा. ८०० मध्ये कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना साधा भाग असलेली) आणि एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी) अशा दोन्ही गाड्या आहेत. चोक ओढायचा खटका असेल तर कार्बोरेटर. हेही लिहून ठेवा, कारण दुकानात पहिला प्रश्न हाच येतो.

आधीच्या मालकाला काय काय बदललं ते विचारा, पण बिल असेल तेवढंच खरं धरा. ‘बेल्ट आत्ताच टाकलाय’ हे वाक्य तारीख आणि किलोमीटर असल्याशिवाय वहीत जाऊ देऊ नका. नोंद नसलेलं काम झालेलंच नाही असं समजून पुढे चला. यात कदाचित एखादा भाग लवकर बदलला जाईल, पण रात्री कसारा घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा ते परवडतं.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. शेवटच्या वीतभर भागात चिखलाचा डाग असेल, कार्पेटखाली गाळाचा वास येत असेल, तर ती गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं होतं. पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण तिचं वायरिंग पुढची कित्येक वर्षं त्रास देतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

ब्रेक, टायर, स्टीअरिंग

गाडी उभी असताना ब्रेकचं पेडल जोरात दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा दुसरीकडे कुठे तरी गळती आहे. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा पुढचा एक कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, जाम झालाय. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून पाहा. टायर किंवा ड्रमची पाठ ओली, तेलकट दिसली तर व्हील सिलिंडर गळतोय आणि ब्रेक ऑइल लायनरवर जातंय. या चारपैकी एकही खूण दिसली तर गाडी घरी न नेता सरळ गॅरेजला न्या.

सगळं ठीक वाटलं तरी ब्रेक ऑइल बदलूनच घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि जितकं पाणी त्यात मिसळेल तितकं ते कमी तापमानाला उकळतं. गावात त्याने काही जाणवत नाही. आंबोली किंवा वरंधासारखा लांब घाट उतरताना सारखा ब्रेक लावला की ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरायचं आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा (मिस्त्रीच्या भाषेत ‘एअर’) काढून घ्यायची. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं, म्हणजे साधारणपणे डॉट ३, सीलबंद डब्यातलं ऑइल घ्या. अर्धवट उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको. आणि ते रंगावर सांडू देऊ नका, रंग निघून येतो. घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरायची सवय लावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकून उतरणं हा जिवाशी खेळ आहे.

टायरवर किती नक्षी उरली हे सगळे बघतात, टायरचं वय फार थोडे बघतात. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र उन्हाने कडक होऊन कडेला बारीक तडे गेलेले असतात. असा टायर उन्हाळ्यात महामार्गावर फुटतो. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्या आणि तडे दिसले की नक्षीकडे न बघता बदला. खोबणीच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत नक्षी झिजली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आता टायर संपला. स्टेपनीची हवा आणि तारीखही याच वेळी पाहा.

स्टीअरिंगसाठी पुढचं चाक जॅकवर उचला. चाकाला दोन्ही बाजूंनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉडचा एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, गेलाय. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी हलवल्यावर आवाज आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे भाग फार महाग नसतात. ते बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यायला विसरू नका, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील.

एक गोष्ट इथेच, आणि अगदी कळकळीने सांगतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालू नका. जॅक घसरतो. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, जॅकच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दगड, आणि खाली जायचंच असेल तर जॅक-स्टँड. स्टँड नसेल तर ते काम गॅरेजवाल्याचं.

ऑइल

इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर ही घरी शिकण्यासारखी पहिली कामं. नोंद नसेल तर लगेच बदला. पुढे जुन्या इंजिनाला दर ५००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. गाडी फक्त रविवारी निघत असेल तर सहा महिन्यांचा नियम जास्त पाळा, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा साठतो.

इंजिन कोमट असताना चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सोडा, ऑइल घमेल्यात पूर्ण निथळू द्या, फिल्टर बदला. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने थोडं ऑइल लावून तो हातानेच आवळा, पान्याने नाही. चेंबरच्या नटाला नवा वॉशर घाला आणि जोर मोजून लावा, इथे आटे गेले की छोटं काम मोठं होतं. तीन लिटरचा कॅन पुरतो. सगळा एकदम ओतू नका. थोडं राखून ठेवा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पट्टी पाहा आणि दोन खुणांच्या मध्ये वरच्या अंगाला पातळी येईल इतकंच भरा. जास्त ऑइलही इंजिनाला सोसत नाही. काळं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते पुनर्वापरासाठी जातं.

ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला बोट फिरवून पाहा. दुधाळ, पिवळट साय जमलेली दिसली आणि कूलंटही कमी होत असेल, तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय, म्हणजे हेड गॅसकेटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांमुळे झाकणापुरती थोडी साय जमू शकते, म्हणून ऑइलपट्टीही बघा. पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर गाडी सुरू करू नका.

तापणारी गाडी

जुन्या गाडीचं इंजिन अकाली मरतं ते बहुतेक वेळा तापून. आणि तापायचं कारण फार वेळा एखादा छोटा रबरी होज किंवा झिजलेलं झाकण असतं.

रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालायची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती मोडा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतात, आतून गंज धरतो आणि मे महिन्यात खंबाटकी चढताना काटा लालकडे सरकतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणारे भेटतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतं तसंच ते उकळण्याचं तापमान वाढवतं, आणि त्यातली रसायनं आतला धातू गंजू देत नाहीत. रेडिएटर फ्लश करून घ्या आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून भरा. तयार मिश्रण मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नका.

इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी, रेडिएटरचे वरचे-खालचे होज बोटांनी दाबून पाहा. दगडासारखे कडक, चिकट झालेले किंवा क्लिपपाशी फुगलेले असतील तर बदला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासा. हे झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. सैल झाकण म्हणजे चांगल्या रेडिएटरचंही नुकसान. फॅन वेळेवर लागतो का हेही पाहा. गाडी जागेवर चालू ठेवा, काटा मध्यावर आल्यावर थोड्या वेळात फॅन सुरू व्हायला हवा. झाला नाही तर फ्यूज, रिले, फॅन स्विच, मोटर याच क्रमाने तपासायला सांगा, नाहीतर थेट नव्या मोटरचं बिल येतं.

काही मिस्त्री तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप, काढूनच टाकतात. करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं, लवकर झिजतं, आणि तापण्याचं मूळ कारण जागच्या जागीच राहतं. खराब असेल तर नवा टाका.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण जोरात लावा. गाडीत उकडेल, पण इंजिनातली उष्णता त्या वाटेने बाहेर येते. सुरक्षित जागा पाहून थांबा. फॅन चालू असेल आणि काटा लालच्या खाली असेल तर इंजिन तसंच चालू ठेवून काटा उतरू द्या. काटा लालमध्ये गेला, वाफ दिसली किंवा फॅन बंद असेल तर इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं आणि माणसं भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतलं तर अॅल्युमिनियमच्या हेडला पीळ पडतो किंवा तडा जातो. एकदा काटा लालमध्ये गेल्यावर ‘चार किलोमीटरच राहिलेत’ म्हणून गाडी चालवू नका. टोइंग स्वस्त पडतं.

टायमिंग बेल्ट आणि बाकीचं रबर

टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो, त्यामुळे त्याची आठवण कोणालाच होत नाही. तो तुटायच्या आधी आवाज वगैरे करेलच असं नाही, गाडी चालता चालता बंद पडते एवढंच. किलोमीटरचा हिशोब साधारण एक लाखाचा धरतात, पण रबर वर्षांनीही म्हातारं होतं. नोंद नसेल तर ऑइल आणि कूलंटनंतर लगेच याची पाळी. बेल्टसोबत त्याचं टेन्शनर बेअरिंगही बदला आणि वॉटर पंप हलवून पाहा, कारण पंपासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ८०० बनली तेव्हा तिच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं, आणि ओलावा ओढून घेतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी पेट्रोल नळ्या एकदाच बदलून घ्या, दुकानात इथेनॉल चालेल अशीच नळी मागा, आणि पेट्रोल फिल्टर बदला. कार्बोरेटरची किट टाकून घेतलेली बरी. अॅव्हरेज थोडं घटेल, ते इंजिनाचं दुखणं नाही, इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी असते. बोनेट उघडल्यावर किंवा गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वास आला तर आधी गळती शोधा, चावी नंतर फिरवा.

बॅटरी आणि वायरिंग

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला की १२.६ व्होल्टच्या आसपास दिसावा, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. उभी असताना कमी आणि चालू असताना बरोबर असेल तर बॅटरी थकली. चालूमध्येही वाढत नसेल तर आल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडं करून व्हॅसलीन लावा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

दिवे मंद, स्टार्टर सुस्त आणि बॅटरी मात्र नवी, असं असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी साफ करून आवळा. कित्येक गाड्यांचे स्टार्टर उगाच बदलले जातात.

पत्रा

गंज बाहेरून दिसतो तेव्हा आत बराच पसरलेला असतो. कोकणात समुद्राच्या हवेने आणि पावसाने हे फार लवकर होतं. मॅट आणि कार्पेट उचला, बॅटरीच्या तळाखाली पाहा, चाकांच्या कमानी चाचपा, जॅक लावायची जागा स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. पृष्ठभागावरचा गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून थांबतो. फ्लोअरला भोक असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. पुट्टी भरून रंग मारलेलं काम एक पावसाळाही टिकत नाही. गंज न काढता खालून डांबरासारखं कोटिंग मारणारेही भेटतील. त्याने पाणी आत अडकतं आणि पत्रा आणखी लवकर खाल्ला जातो.

मे अखेरीस दारांच्या तळाची आणि काचेखालच्या जाळीतली पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा, वायपरची रबरं बदला. पावसाळ्यात मॅट ओली ठेवू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि प्लग काढून तपासणी होईपर्यंत थांबा.

सस्पेन्शन किंवा क्रॉसमेंबर (खालचा आडवा आधाराचा तुळया) जिथे बॉडीला जोडलेला असतो तिथेच पत्रा कुजला असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी ठेवू नये.

मिस्त्री आणि पार्ट

८०० वर हात बसलेला वयस्कर मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका. काम चालू असताना जवळ उभे राहा, विचारा, काढलेला जुना भाग परत मागा. ‘साहेब, हे तर गेलेलंच आहे’ म्हटल्यावर कुठे गेलंय ते दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री हौसेने दाखवतो. एकाच वेळी पाच भाग बदलायला सांगणाऱ्यापेक्षा एक बदलून फरक पाहू म्हणणारा बरा.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड ही जुनी ठिकाणं. जुना भाग सोबत न्या. ब्रेक, टायमिंग बेल्ट आणि स्टीअरिंगचे भाग कंपनीचे किंवा नामवंत उत्पादकाचेच आणि बिलासह घ्या. आरसा, दाराचं हँडल, दिव्याची काच, डॅशबोर्डचं प्लास्टिक जुन्या बाजारातून खुशाल आणा.

कागद

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते ही समजूत दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीच्या आदेशांवरून पसरली आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आरटीओच्या तपासणीनंतर नूतनीकृत होते आणि पुढे दर पाच वर्षांनी. फॉर्म २५ चा अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. पर्यावरण कर मात्र उशीर झाला नाही तरी भरावा लागतो. ८०० बीएस-४ या प्रदूषणाच्या मानकापर्यंत पोचलीच नाही, त्यामुळे तिची पीयूसी सहा महिन्यांचीच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. तपासणीला नेण्याआधी हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट आणि हँडब्रेक चालतात का ते घरीच पाहा, आणि चासी नंबर घासून स्वच्छ करून ठेवा, कारण तपासणारा अधिकारी तो वाचूनच आरसी बुकाशी ताडून पाहतो.